मे महिन्यातला तलाव

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच महाबळेश्वरात मे महिन्यात पाणी जपून वापरा म्हणून पाहुण्यांना विनवावं लागतं. पाहुणा मान डोलावतो, बादली काठोकाठ भरतो आणि दुपार कलली की मुलाबाळांसकट वेण्णालेकवर बोटिंगला निघतो. नळाला येणारं पाणी आणि पायडल मारायचं पाणी एकाच तलावातलं आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. साताऱ्याच्या गादीवरच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये तो बांधून घेतला. त्याच्या तेरा वर्षं आधी, 1829 साली, प्रतापसिंह महाराजांनी हा डोंगर इंग्रजांना दिला होता आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं होतं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने वर माल्कमपेठ वसली. पुढे गव्हर्नरसाहेबांच्या वर्षाची वाटणीच ठरून गेली: हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात. पावसाची चाहूल लागली की बंगल्यांना गवताच्या झडपा बांधायच्या आणि सगळा लवाजमा खाली उतरायचा. ज्या पावसावर तलाव भरायचा, तो पाहायला साहेब कधी थांबला नाही.

ते वेळापत्रक साहेबासोबत गेलं नाही, हीच यातली गंमत. मुंबईचं उच्च न्यायालय अजूनही मे महिन्यात सुट्टी घेतं आणि शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. मराठी घरांनी या सुट्टीचा बराच काळ निराळा उपयोग केला. मे म्हणजे आजोळ, आमरस, गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया आणि निदान दोन लग्नं. थंड हवेच्या ठिकाणी जायचं ते डॉक्टरने सांगितलं तर, किंवा मधुचंद्राला. पुढे एसटी घाट चढू लागली, नोकरदारांना एलटीसी मिळू लागली, आजोळची घरं भावांत वाटली गेली किंवा कुलूपबंद झाली, आणि साहेबाचा उन्हाळा सदाशिव पेठेने आणि डोंबिवलीने उचलला. उचलला तो मात्र आपल्या पद्धतीने, घरचे दडपे पोहे सोबत घेऊन.

धक्क्यावरचं दृश्य पाहण्यासारखं असतं. नारिंगी लाइफ जॅकेट आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने ओलसर असतं. पोटावर पट्टा लागत नाही म्हणून काका तो नुसता धरून बसतात. चौघांच्या बोटीत पुढच्या दोघांनी पायडल मारायचं असतं. त्यांत एक वडील आणि एक आठवीतली मुलगी, दोघांच्या पायांचा मेळ नाही, त्यामुळे बोट एकाच जागी गोल फिरते आणि मागे बसलेली आई सूचना देते. आजी बोटीत चढत नाही. ती काठावरच्या बाकावर सगळ्यांच्या चपला, पर्स आणि थर्मास राखत बसते, घोडेवाल्याला तीनदा नको म्हणते, चौथ्यांदा नातवासाठी घासाघीस करते. मक्याचं कणीस, कोवळी गाजरं, क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी यांचा फेर सुरूच असतो. (स्ट्रॉबेरीचा खरा बहर थंडीतला. मे उजाडेपर्यंत ती संपत आलेली असते, पण पेल्याच्या किमतीवर त्याचा परिणाम झालेला कोणी पाहिलेला नाही.)

या सगळ्या कौटुंबिक धामधुमीत तलाव स्वतः अगदी खंगलेला असतो. काठाची तांबडी माती उघडी पडते, धक्क्याच्या खालच्या पायऱ्या दिसू लागतात. जुलैत याल तर हाच तलाव भरून शेजारच्या पाचगणी रस्त्यावर येतो आणि गाड्या पाण्यातून काढाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथलं दव गोठतं आणि हिमकणांचे फोटो वर्तमानपत्रात झळकतात. वर्षातला सगळ्यांत दीन महिना तेवढा पर्यटकांच्या वाट्याला येतो.

एवढा पाऊस जातो कुठे? उत्तर पायाखालीच आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि जांभा म्हणजे चाळण. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या काळ्या बसाल्टवर अडतं आणि डोंगराच्या कडेने झऱ्यांवाटे बाहेर पडतं. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम दाखवतात, त्यामागे श्रद्धा आहे तसा हा भूगोलही आहे. डोंगर पाणी साठवत नाही, वाटतो. जे अडवलं तेवढंच वर उरतं, आणि आज त्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी अशा दोन गावांची तहान भागवायची असते. पाऊस सरल्याला सात महिने झालेले असतात आणि नेमकी तेव्हाच वस्ती अनेक पटींनी फुगते.

सह्याद्रीतल्या इतर तलावांशी लोक जरा जपून वागतात. माथेरानला पिसारनाथाच्या देवळाशेजारी शारलोट तलाव आहे. तो पिण्यासाठी राखलेला, काठावर बसावं आणि उठावं. कासचं पाणी उताराने साताऱ्यात येतं, त्यामुळे सातारकर तिथे डबा खायला गेले तरी आपण आपल्याच घागरीच्या तोंडाशी बसलोय हे त्यांना ठाऊक असतं. वेण्णालेकला मात्र जत्रेचं रूप आलं. त्याबद्दल नाकं मुरडण्यात अर्थ नाही. घोडेवाला, बोटवाला, कणीसवाला यांचं वर्ष या दीड महिन्यावर बरंचसं तोललेलं असतं. 2001 मध्ये केंद्राने महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि बांधकामांवर बंधनं आली. पण माणसांनी कोणत्या महिन्यात यावं, हे कोणत्याही अधिसूचनेत बसत नाही.

सुट्टीच्या तारखा मात्र हलवता येतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्याने कोणाचं काही बिघडलेलं नाही. जर्मनीत तर राज्याराज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम मागेपुढे ठेवतात, रस्त्यांवर आणि पर्यटनस्थळांवर एकदम लोंढा नको म्हणून. मुंबई आणि पुण्याच्या शाळांत पंधरा दिवसांचा फरक ठेवला तर तलावात थेंबभरही पाणी वाढणार नाही, हे खरं. तळाशी आलेल्या पाण्यावर एकाच दिवशी पडणारा भार तेवढा कमी होईल, आणि पसरणी घाटात मागच्या सीटवरची मुलं दोन तास कमी रडतील.