विहिरी तू मोजल्यास, मग सांगणार कोण?

लातूर,
17 सप्टेंबर

चि. सोनूस,


आज मुक्तिसंग्राम दिन, म्हणजे तुझ्या विद्यापीठाचाही वर्धापनदिन. 1994 साली याच तारखेला ते सुरू झालं. नांदेडला विष्णुपुरीत सकाळी झेंडावंदन झालं असेल. इथं पहाटेपासून भुरभुर लागलीय. सोयाबीनच्या शेंगा भरल्यात, आता पाऊस उघडला तर बरं, म्हणून तुझे बाबा सारखे अंगणात येऊन आभाळाकडं बघतात. आजीचा गुडघा दुखतोच आहे, तरी गौरींचा फराळ तिनं कुणाला करू दिला नाही. तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात काढून ठेवल्यात. शेजारच्या काकू शनिवारी गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला नांदेडला येणार आहेत, त्यांच्याबरोबर धपाटे आणि येसर पण देते. हॉस्टेलात मैत्रिणींना वाट, पण स्वतः खा आधी.

तू पाठवलेला बायोडेटा वाचला. दोन पानं आहेत. पहिल्या पानावर वरच लिहिलंयस, हार्डवर्किंग, सिन्सिअर, क्विक लर्नर. खाली छंद: वाचन, संगीत ऐकणं. मग दहावी, बारावी, बी.एस्सी.चे टक्के. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, जिथं पोचेपर्यंत वाचणाऱ्यानं कागद बाजूला ठेवलेला असतो, तिथं एक ओळ: प्रोजेक्ट, ग्राउंडवॉटर, औसा तालुका. बस. एवढंच.

अगं माय, ही ओळ तळाशी का? मागच्या ऑक्टोबरात आणि मग मे महिन्यात तू काय करत होतीस ते मी डोळ्यांनी बघितलंय. तीन गावांतल्या 38 विहिरी. लाइट येऊन मोटारी सुरू झाल्या की पाण्याची खरी पातळी कळत नाही, म्हणून तू अंधारातच निघायचीस. कठड्यावर पोटावर पडून टेप खाली सोडायची, टेपला पाणी लागलं की आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची, मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. तुझी ती वही मला आठवते, निळ्या पुठ्ठ्याची, पानांना चिखलाची बोटं लागलेली. मेमध्ये एका विहिरीत टेप संपली तरी पाणी लागलं नाही, तेव्हा त्या रकान्यात तू ‘कोरडी’ असं लिहून पुढं म्हाताऱ्या मालकाला विचारलेलं लिहिलंस, की याआधी ती कधी आटली होती. आकड्यांच्या पलीकडं जाऊन माणसाला विचारावं, हे सुचणं फार थोड्यांना जमतं. आणि हे सगळं तू ‘ग्राउंडवॉटर’ या एका शब्दात गुंडाळून टाकलंस.

का, ते मला ठाऊक आहे. आपल्या घरात स्वतःविषयी बोललेलं कुणाला आवडत नाही. ‘आपणच आपलं काय सांगायचं, काम बोलतं,’ हे आजोबांपासून ऐकत आलीस. त्यात लातूरची शाळा-कॉलेजं. इथं मुलानं अभ्यास करायचा, बाकीचं गाव करतं. प्राचार्य जनार्दन वाघमारे राजर्षी शाहू महाविद्यालयात होते त्या काळापासून लातूर पॅटर्न म्हणून जे नाव झालं, त्यात मुलांची मेहनत खरीच होती, शिक्षकांचीही. पण मार्क पडले की पुढं मुलाला तोंड उघडावंच लागत नाही. क्लासवाले चौकात त्याचा फोटो लावतात, पेपरात नाव येतं, पेढे वाटून होतात. बारावीला तुझाही फोटो लागला होता, बाबा गाडी थांबवून बघत उभे राहिले होते. ते ठीक. पण बारावीनंतर आपला फ्लेक्स कुणी लावत नाही, सोनू. एम.एस्सी.ला असलेल्या मुलीनं विहिरी मोजल्यात हे तिनं स्वतः सांगितल्याशिवाय परगावच्या माणसाला कळायचं कसं? मी भूगोल शिकवताना अशी कितीतरी लेकरं बघितली. वर्गात सगळ्यात चांगला नकाशा काढणारी मुलगी मुलाखतीत ‘थोडंफार येतं सर’ म्हणून आली, आणि जिनं तो नकाशा नुसता बघितला होता तिची निवड झाली. मला त्या मुलींची आजही काळजी वाटते, म्हणून तुला एवढं लांबण लावून लिहितेय.

सांगणं म्हणजे मिरवणं नव्हे. मिरवणारा विशेषणं वापरतो. तू विशेषणं सगळी काढून टाक. हार्डवर्किंग खोड, सिन्सिअर खोड. त्या जागी वरच लिही: औसा तालुक्यातल्या तीन गावांतल्या 38 विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, अशी दोनदा मोजली, दोन्हींतला फरक नकाशावर मांडला, कुठल्या विहिरी कोरड्या पडल्या आणि तिथं खडक कसा आहे ते तपासलं. यात एक शब्द स्वतःच्या कौतुकाचा नाही, आणि वाचणाऱ्याला मुलगी मेहनती आहे हे कळून चुकतं. आणि हो, तुझ्याबरोबर दोघी मैत्रिणी होत्या. जिथं तिघींनी मिळून केलं तिथं ‘आम्ही’ लिही. नकाशा तुझ्या एकटीचा आहे, तिथं ‘मी’ लिहायला लाजू नकोस. जे सॉफ्टवेअर नुसतं उघडून बघितलंय ते ‘येतं’ म्हणून लिहू नकोस. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं ते, आणि मग खऱ्या विहिरींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तुला पाण्याचं वेड कुठून लागलं ते तुला आठवतं की नाही कोण जाणे. 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावलेली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. तू बारा-तेरा वर्षांची असशील, माझ्याबरोबर रात्री टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होतीस आणि विचारत होतीस, ‘आत्या, मिरजेला पाणी आहे मग आपल्याच जमिनीत का नाही?’ तुझ्या विषयाची सुरुवात तिथं झाली. अर्जात ‘हा विषय का निवडला’ असं विचारतात ना, तिथं इंटरनेटवरची उसनी वाक्यं घालण्यापेक्षा ही रांग लिही. खरं आहे आणि तुझंच आहे.

आता संधींचं. तू फोनवर म्हणालीस, आपल्याकडं काय असतंय, सगळं पुण्या-मुंबईला. तसं नाही गं. तुझ्या विषयापुरतं तर आपण फार मोक्याच्या जागी आहोत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, हजारो माणसं गेली. त्यानंतर देशभरातले भूशास्त्रज्ञ आपल्या औसा तालुक्यात येऊन राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथं खोल छिद्र घेऊन काळ्या दगडाच्या थराखाली काय आहे ते बघितलं. ती संस्था नांदेडहून पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथल्या ज्या शास्त्रज्ञांचं काम तुझ्या कामाशी जुळतं, त्यांचा एखादा लेख आधी नीट वाच आणि मग ई-मेल लिही. छोटं लिही: मी कोण, मी काय मोजलं, तुमच्या लेखातलं काय मला भिडलं, उन्हाळ्यात दोन महिने तुमच्याकडं शिकायला येऊ का. सोबत बायोडेटाचं एक पान आणि तो नकाशा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर. तरीही नाही आलं तर दुसऱ्याला लिही. उत्तर न येणं म्हणजे तुझा अपमान नव्हे, त्या माणसांना रोज ढीगभर ई-मेल येतात.

देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास मागवतात. त्याला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ते मागायला आदल्या दिवशी जाऊ नकोस. आत्ताच सरांना भेट, आपलं एक पान त्यांच्या हातात दे, म्हणजे त्यांना पत्रात लिहायला काहीतरी मिळेल. मी शिफारसपत्रं लिहिलीत, म्हणून सांगते. ज्या मुलीविषयी आम्हाला काही ठाऊक नसतं तिच्याविषयी आम्ही ‘वर्तणूक चांगली’ एवढंच लिहू शकतो. डेहराडूनची इस्रोची संस्था, आयआयआरएस, उपग्रहाच्या चित्रांवरचे वर्ग ऑनलाइन घेते, फी नाही. लातूरच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जाऊन तुझे आकडे दाखव. ते वर्षातून चार वेळा ठरावीक विहिरी मोजतात, त्यांच्या आकड्यांशी तुझे जुळतात का ते तपासता येईल. आणि ‘आविष्कार’ स्पर्धा! 2006 पासून राज्यातल्या विद्यापीठांत चालते. गेल्या वर्षी ‘ती हुशार मुलांसाठी असते’ म्हणून तू नाव दिलं नाहीस. यंदा दे. नंबर आला नाही तरी चालेल. पोस्टरसमोर उभं राहून दिवसभर अनोळखी माणसांना आपलं काम सांगायची सवय लागेल, आणि तुला नेमकी तीच हवी आहे.

लिंक्डइनवर खातं उघड असं तुझी मैत्रीण म्हणते, तिचं बरोबर आहे. फोटो मात्र तो लाव, टेप हातात घेऊन विहिरीपाशी उभी असतानाचा. महिन्यातून एकदा एखाद्या विहिरीविषयी चार ओळी लिही, मराठीत लिहिलंस तरी काही बिघडत नाही. ज्यांची विहीर आहे त्यांना विचारून लिही. आपला फोन नंबर, हॉस्टेलचा पत्ता तिथं टाकू नकोस. आणि तिथून कुणी ‘निवड झाली, रजिस्ट्रेशनचे तीन हजार भरा’ म्हणालं तर एक रुपया देऊ नकोस. आपल्या गल्लीतल्या एका मुलीनं भरले, प्रमाणपत्राचा कागद तेवढा मिळाला, काम काहीच नाही. शिकायला म्हणून पैसे देऊन क्लास लावणं निराळं, नोकरी देणारा पैसे मागतो तेव्हा तो नोकरी देणारा नसतो. मुलाखतीला कुणी हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचं नाही, कितीही मोठं नाव सांगू दे. कुठंही जाण्याआधी मला नाहीतर बाबांना कळव. चिडतेस माहीत आहे, तरी कळव.

तुझ्या मनात अजून एक सल आहे, ते मला कळतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक विषय राहिला होता, तो दिसू नये म्हणून तू आपणच मागं मागं राहतेस. नरहर कुरुंदकर इंटरला नापास झालेले होते हे तुला कुणी सांगितलंय का? नांदेडला शाळेत शिकवायचे. पण वाचलेलं, विचार केलेलं त्यांनी कपाटात ठेवलं नाही. लिहिलं, छापलं, बोलावतील त्या गावी जाऊन बोलले. नांदेड न सोडता अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले आणि पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांना त्यांची गुणपत्रिका आठवत नाही, त्यांचं बोलणं आठवतं. तुझा राहिलेला विषय कुणी विचारला तर सरळ सांग, राहिला होता, पुढच्या परीक्षेत सोडवला. आणि लगेच विहिरींकडं वळ.

बाबांना यातलं फारसं कळत नाही, पण परवा पारावर कुणीतरी पाण्याचा विषय काढला तर ते म्हणाले, ‘आमच्या पोरीला विचारा, तिनं सगळ्या विहिरी मोजल्यात.’ त्यांना सांगायला लाज वाटली नाही, बघ.

पुढच्या महिन्यात तू पुन्हा मोजायला येशील तेव्हा आधी दोन दिवस कळव. जुनी टेप गंजलीय, मी गंजगोलाईतून 50 मीटरची नवी आणून ठेवते. त्या कोरड्या विहिरीच्या म्हाताऱ्या मालकांना यंदा पाणी लागल्याचं बाबा सांगत होते, तिथं पहिल्यांदा जा. बायोडेटाचं नवं पान रविवारपर्यंत पाठव, एकच पान. मी लाल पेनानं बघून लगेच फोटो काढून पाठवते. सरांना भेटलीस का तेही लिही.

रात्री उशिरा लायब्ररीतून एकटी येऊ नकोस. केसांना तेल लाव.

तुझी,
आत्या