स्वस्त काडतुसे आणि रायफलीचे प्रयोजन

बोल्ट-ॲक्शन रायफलीत गोळी झाडल्यावर बोल्टची मूठ वर उचलून हाताने मागे ओढावी लागते. त्यामुळे रिकामे काडतूस बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस नळीच्या मागच्या टोकातील कप्प्यात बसते. दोन्ही महायुद्धांतील पायदळाचा मोठा भाग अशाच रायफली घेऊन लढला. पुढे सैन्यांनी स्वयंभरणी शस्त्रे स्वीकारली. जुन्या रायफली आणि त्यांच्यासाठी बनवलेली काडतुसे कोठारांत पडून राहिली आणि कालांतराने नागरी बाजारात आली. या सरप्लस मालाची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका होय. तेथील खरेदीदाराचे लक्ष अनेकदा रायफलीआधी काडतुसांच्या भावाकडे जाते आणि मग प्रश्न उभा राहतो: गोळ्या इतक्या स्वस्त मिळत असतील तर त्या झाडणारी रायफल घ्यावी काय? वरवर हा हिशेबाचा प्रश्न दिसतो. मात्र त्यात साधन आणि साध्य यांचा क्रम उलटलेला असल्यामुळे तो नीतिविचाराच्या कक्षेत येतो.

या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे मोसिन-नागांत. रशियाने १८९१ मध्ये स्वीकारलेली आणि १९३० मध्ये सुधारलेली ही पाच गोळ्यांची रायफल सोव्हिएत सैन्याने दुसऱ्या महायुद्धात प्रचंड संख्येने वापरली. तिचे ७.६२ × ५४ मिमीचे कडेदार काडतूस अजूनही मशीनगनमध्ये वापरले जाते, म्हणून पूर्व युरोपात त्याचे मोठे साठे शिल्लक राहिले. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने लष्करी सरप्लस शस्त्रांची आयात थांबवली होती. १९८४ मध्ये संग्राह्य मानल्या जाणाऱ्या जुन्या शस्त्रांना तिची मुभा पुन्हा मिळाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर या रायफली तेथे मोठ्या प्रमाणावर पोहोचल्या आणि २००० नंतरच्या दशकात शंभर डॉलरच्या आसपास विकल्या जाऊ लागल्या. काडतुसे मोहोरबंद पत्र्याच्या डब्यात येत. एका डब्यात ४४० आणि दोन डब्यांच्या लाकडी पेटीत ८८०. ब्रिटिश ली-एनफील्ड, जर्मन माउझर आणि स्विस के-३१ या रायफलींच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने असेच घडले. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातील ‘केएफ’ शिक्क्याची .३०३ काडतुसेही ली-एनफील्डच्या निमित्ताने या बाजारात दिसत.

शस्त्र कशासाठी हवे, हे विचारण्याची जबाबदारी प्रत्येक देशात वेगळ्या ठिकाणी असते. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार अर्जदाराकडे शस्त्र बाळगण्याचे सबळ कारण असल्याची परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार दुकानदाराकडून रायफल घेणाऱ्याला अर्ज भरावा लागतो आणि त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, पण प्रयोजन विचारले जात नाही. कायदा जेथे हा प्रश्न विचारत नाही, तेथे तो विचारण्याचे काम खरेदीदाराच्या विवेकावर येते. स्वस्ताई त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकते काय, हा येथील मुख्य मुद्दा आहे.

आधी आर्थिक बाजू पाहता येते. समजा, रायफल ३०० डॉलरला पडते. खरेदीदार एरवी ज्या गोळ्या झाडतो त्यांची किंमत ८० सेंट आहे आणि सरप्लस गोळी ५० सेंटला मिळते. प्रत्येक गोळीमागे ३० सेंट वाचतात, म्हणजे रायफलीची किंमत वसूल व्हायला १,००० गोळ्या झाडाव्या लागतात. ८८० काडतुसांची पूर्ण पेटी संपली तरी वसुली बाकी राहते. शिवाय ही बचत ज्या गोळ्या अन्यथाही झाडल्या गेल्या असत्या, त्यांच्यापुरतीच खरी. केवळ स्वस्त आहेत म्हणून झाडलेल्या गोळ्या हा खर्चच होय. साधन काटकसरीचे झाले की एकूण वापर वाढतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात दाखवले होते. काडतुसांच्या डब्यालाही तो नियम लागू पडतो.

स्वस्त काडतुसांच्या मर्यादा त्यांच्या रचनेतच असतात. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइडचा थर राहतो. हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि पोलादाला गंज चढवतो, म्हणून नेमबाजीनंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे अटळ ठरते. गोळीच्या आवरणात किंवा गाभ्यात पोलाद असल्याने अनेक नेमबाजी केंद्रे लोहचुंबक लावून ती तपासतात आणि नाकारतात. लष्करी गोळी पूर्ण आवरणाची असते, तर हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेतील अनेक राज्ये आघातानंतर पसरणारी गोळी सक्तीची करतात. त्यामुळे स्वस्त काडतूस शिकारीला बहुधा निरुपयोगी ठरते. उरते ती निशाण्यावरची नेमबाजी आणि इतिहासातील वस्तू चालवून पाहण्याची आवड. ज्या स्वस्ताईने खरेदीचे कारण पुरवले, तिनेच प्रयोजनाचे क्षेत्रही आवळलेले असते.

साधनांना मर्यादा असते हा विचार ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये मांडला आहे. त्याच्या मते खरी संपत्ती म्हणजे घर आणि नगर चालवायला लागणाऱ्या साधनांचा संच. कोणत्याही कलेला लागणारी साधने संख्येने वा आकाराने अमर्याद नसतात, कारण त्या कलेचे साध्यच त्यांची सीमा ठरवते. साध्य नजरेआड झाले की संचयाला थांबण्याचे ठिकाण राहत नाही. काडतुसांसाठी रायफल घेताना नेमके हेच होते. काडतूस हे रायफलीचे साधन आणि रायफल ही नेमबाजीचे साधन. येथे मात्र सर्वांत खालचे साधन वरच्याला हुकूम देते. जॉन लॉकने १६८९ च्या राज्यविषयक ग्रंथात संचयाला वेगळी मर्यादा घातली होती: वाया जाण्यापूर्वी जेवढे उपयोगात आणता येईल तेवढेच घ्यावे. मोहोरबंद डब्यातील काडतूस अनेक दशके टिकते. नासण्याची भीती नसल्याने लॉकची मर्यादा येथे ढिली पडते आणि सगळा भार ॲरिस्टॉटलच्या कसोटीवर येतो.

जैन आचारशास्त्राने हा विषय आणखी जवळून हाताळला आहे. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, व्रतांपैकी अनर्थदंडविरती हे व्रत निष्प्रयोजन हिंसा टाळण्याचे आहे. संसारात काही हिंसा अपरिहार्य आहे हे ते गृहीत धरते आणि जिला कारणच नाही अशा हिंसेला व तिच्या साधनांना वेगळे काढते. समंतभद्राच्या रत्नकरंडक श्रावकाचारात हिंसेची उपकरणे दुसऱ्याला पुरवणे हा अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितला आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या अतिचारांमध्ये, म्हणजे उल्लंघनांमध्ये, विचार न करता केलेली कृती आणि गरजेपलीकडे साठवलेल्या भोगवस्तू यांचा समावेश आहे. श्वेतांबर परंपरेतील हेमचंद्राच्या योगशास्त्रात हिंसेची उपकरणे एकमेकांना जोडून सज्ज ठेवणे हा दोष मानला आहे; धनुष्याला बाण जोडून ठेवणे हे त्याचे उदाहरण. नुसता काडतुसांचा डबा निष्क्रिय असतो, नुसती रायफलही. दोन्हींची सांगड घालणे ही स्वतंत्र कृती आहे आणि तिला स्वतंत्र कारण असायला हवे, ही भूमिका या प्रश्नाच्या मुळाशी जाते.

वस्तूच्या मागील इतिहासाने ती दूषित होते काय, हा पुढचा प्रश्न. क्वेकर पंथाने युद्धात पकडलेल्या जहाजांवरील माल विकत घेण्यास आपल्या सदस्यांना मनाई केली होती. त्या मालाचा नफा लुटीला उत्तेजन देई, हे त्यामागचे कारण. सरप्लस काडतुसांची स्थिती निराळी आहे. ती आधीच बनलेली असतात, आणि जुना साठा विकला गेल्याने नवे युद्ध पोसले जाईलच असे नाही. उलट जुना दारूगोळा मोडीत काढणेही निर्धोक नसते. अल्बानियातील गर्देच येथे २००८ मध्ये असेच काम चालू असताना स्फोट होऊन २६ जणांचा जीव गेला. इतिहासाऐवजी वापराकडे पाहण्याचाही एक दाखला आहे. अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक लष्करी सेवा नाकारतात आणि माणसावर शस्त्र उगारणे पाप मानतात, तरीही हरणाच्या शिकारीसाठी रायफल बाळगतात. त्यांच्या आचारात शस्त्राचे नैतिक मोल त्याच्या नियत कामावरून ठरते.

खरेदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तत्त्वज्ञ ॲलास्डेअर मॅकिन्टायरच्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ (१९८१) या ग्रंथातील मांडणीतून करता येतो. कोणत्याही साधनेचे काही लाभ तिच्या आतच असतात आणि ते साधना करूनच मिळतात. नेमबाजीत हे लाभ म्हणजे श्वासावर ताबा, चाप दाबताना हाताची स्थिरता आणि आपली चूक ओळखण्याची क्षमता. बोल्ट-ॲक्शन रायफल प्रत्येक गोळीनंतर थांबायला लावते, त्यामुळे या शिस्तीला ती अनुकूल आहे. त्यासाठी पुनरावृत्ती लागते आणि पुनरावृत्तीला स्वस्त काडतुसे लागतात. येथे स्वस्ताई साध्याची जागा न घेता त्याच्या वाटेतील अडसर दूर करते. तरी जुन्या काडतुसांची अचूकता एकसारखी नसते. सराव पुढच्या पायरीवर गेला की चूक हाताची की काडतुसाची हे कळेनासे होते, आणि त्या टप्प्यावर स्वस्त गोळीचा उपयोग संपतो.

शेवटचा मुद्दा काळाचा. स्वस्ताई ही परिस्थिती आहे, वस्तूचा गुण नाही. ८ मिमी माउझरची काडतुसे एकेकाळी मुबलक होती. साठे संपले आणि भाव चढले. ऑगस्ट २०२१ मध्ये रशियातील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाच्या संदर्भात अमेरिकेने रशियन शस्त्रे व दारूगोळा यांच्या आयातीला नवे परवाने न देण्याचे जाहीर केले. मोसिन-नागांतच्या किमतीही शंभर डॉलरच्या कितीतरी पुढे गेल्या. काडतुसे संपतात, पण नीट राखलेली रायफल शंभर वर्षे टिकते. ती कुलूपबंद ठेवणे, मुलांच्या हाती लागू न देणे आणि विकताना किंवा वारशाने देताना योग्य हाती जाईल हे पाहणे, ही कर्तव्ये स्वस्ताई संपल्यावरही मालकाकडे राहतात.

म्हणून निर्णयाचा क्रम असा लागतो. काडतुसे बाजारभावाने घ्यावी लागली असती तरी ही रायफल हवी वाटली असती काय, हे प्रथम पाहावे. उत्तर होकारार्थी असेल तर स्वस्त साठा हे ती आत्ता घेण्याचे आणि हीच निवडण्याचे रास्त कारण ठरते. हिशेब, साफसफाई आणि जवळच्या नेमबाजी केंद्राचे नियम हे प्रश्न त्यानंतर येतात. उत्तर नकारार्थी असेल तर खरेदीदाराला प्रत्यक्षात सवलत हवी आहे, रायफल नको आहे. अशा वेळी शस्त्राची आजन्म जबाबदारी पत्करण्याइतके वजन त्या सवलतीला नसते.