ओहोटी आणि अवर्षण

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसानें किनाऱ्याच्या सौंदर्याविषयीं लिहावें, हें आमच्या कोंकणांतील वाचकांस थोडें धिटाईचें वाटेल. आमचा जन्म नांदेडचा आणि वास्तव्य लातूरचें. किनारा म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें प्रथम गोदावरीचा घाटच उभा राहतो. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे नगीना घाटाच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या तें आम्ही लहानपणीं मोजीत असूं आणि धांवत घरीं येऊन सांगत असूं. वडील माणसें तें ऐकून गप्प बसत. आम्हांस तो खेळ होता. त्यांस तो हिशेब होता, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें.

समुद्र आम्हीं पाहिला तो चांगला जाणतेपणीं, गुहागर येथें, आणि हातांत कॅमेरा घेऊन. भरतीच्या लाटांची चित्रें आम्हांस कधींच साधलीं नाहींत. आम्हांस वेड लावलें तें ओहोटीनें. पाणी मागें सरलें कीं ओल्या वाळूवर जी लहरींची नक्षी उरते, तिच्यांतून वाहणाऱ्या लहान लहान ओहळांच्या ज्या शाखा फुटतात, त्या पाहतांना सकाळ केव्हां सरे तें कळत नसे. सुमारें सव्वासहा तासांनीं तें सारें पुन्हा पाण्याखालीं जावयाचें हें ठाऊक असल्यामुळें त्या रित्या किनाऱ्यांत उदास असें कांहींच नव्हतें. समुद्र गेला तो येण्यासाठींच गेला होता. तेथें आमचा डोळा तयार झाला असें आम्ही अभिमानानें म्हणत असूं.

हा तयार झालेला डोळा घेऊन आम्ही 2016 च्या एप्रिलांत धनेगांवच्या मांजरा धरणावर गेलों. लातूर शहरास पाणी पुरविणारें हें धरण त्या वर्षीं कोरडें पडलें होतें. शहरांत पाणी भरण्याच्या ठिकाणीं दंगे होऊं नयेत म्हणून मार्च महिन्यांत जमावबंदी पुकारावी लागली होती. आणि 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली होती. हें सारें आम्ही भोगीत होतों. आमच्याही घरीं घागरी मोजल्या जात होत्या. तरीहि धरणाच्या तळाशीं उतरून त्या तडकलेल्या गाळाकडे पाहतांच आमच्या मनांत आलें तें हेंच: काय सुंदर नक्षी आहे! गुहागरच्या वाळूचीच ती बहीण होती.

तेथें एक बाई झिरा खणीत होती. तिच्या पलीकडे गाळाच्या भेगा क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. तिची घागर आणि मातीचा ढीग आमच्या चौकटींत मध्येंच येत होता, म्हणून आम्हीं तिला थोडें बाजूस होण्याची विनंति केली. ती झाली. चित्र घेऊन होईपर्यंत कुदळीवर हात टेकून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "झालं का, दादा? आता मी खणू का? फोटू काढून पाणी लागत नसतंय." बोलण्यांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें.

तें चित्र पुढें एका मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत लागलें. पाहणाऱ्यांनीं त्याच्या पोताची वाखाणणी केली. एका रसिक गृहस्थानें तो समुद्रतळ आहे काय असें विचारलें. आम्ही होय-नाहीं असें कांहींतरी पुटपुटलों. प्रश्न तेव्हांपासून आमच्या मागें लागला आहे.

दुःखांत सौंदर्य दिसणें हेंच पाप आहे, असें म्हणणारे आम्हांस पटत नाहींत. तसें असेल तर भवभूतीचें उत्तररामचरित प्रथम जाळावें लागेल. करुणापासून आनंद कसा होतो याचें उत्तर अभिनवगुप्तानें हजार वर्षांपूर्वीं देऊन ठेवलें आहे: रंगभूमीवरील शोक माझाहि नसतो, शत्रूचा नसतो, मित्राचाहि नसतो, तो कोणाएकाचा न राहतां साधारण होतो, म्हणून आस्वाद्य होतो. उत्तर मार्मिक आहे. पण कॅमेऱ्यास तें लागू पडत नाहीं. कॅमेऱ्याची कांच फक्त एका दिवशींची एक वस्तु टिपते. धरणाच्या त्या गाळास धनी होते, तारीख होती. काव्यांत जें साधारणीकरण कवीची प्रतिभा करते, तें आम्हीं त्या बाईस चार पावलें बाजूला सारून करून घेतलें होतें.

मद्रास इलाख्यांत 1876 ते 1878 च्या दुष्काळांत विलोबी हूपर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें अस्थिपंजर झालेल्या माणसांचे गट नीट मांडून बसवून त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. तीं आज पाहवत नाहींत. हा मनुष्य निर्दय होता असें म्हणून आम्ही पूर्वीं मोकळे होत असूं. पण त्यानें भुकेल्यांस चौकटींत बसविलें आणि आम्हीं तहानलेलीस चौकटीबाहेर काढलें, यांत फरक कितीसा? किंबहुना त्याच्या चित्रांत दुष्काळ आहे हें पाहणाऱ्यास निदान कळतें तरी.

तेथें कॅमेरा न्यावयासच नको होता काय? एका स्नेह्यानें तसें आम्हांस स्पष्ट सांगितलें. त्याच्याशीं आमचें जमत नाहीं. न पाहणें ही कांहीं दया नव्हे, आणि त्या वर्षीं लातूरच्या चित्रांमुळेंच दूरच्या पुष्कळांस लातूर कोठें आहे तें समजलें. आमची चूक चित्र घेण्यांत नव्हती. ओहोटी पाहण्याची संवय घेऊन आम्हीं अवर्षण पाहिलें, ही ती चूक होती. ओहोटीस पाहणाऱ्याचें देणें लागत नाहीं. तो निघून गेला तरी पाणी आपल्या वेळीं येतें. कोरड्या धरणापासून मात्र चित्र घेऊन निघून जातां येत नाहीं. पुन्हा यावें लागतें.

पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा भरली. आम्ही ऑक्टोबरांत त्याच बाजूनें उतरूं लागलों, तों पहिल्या वळणावरच पाणी लागलें. आमची जागा आणि तिचा झिरा दोन्ही कोठेंतरी खालीं होतीं. राखी रंगाचें सपाट पाणी, वर मळकट आकाश. चित्र घेतलें तें अगदीं सामान्य आलें. पहिल्या चित्राखालीं आतां 'मांजरा धरणाचा तळ, एप्रिल 2016' असें लिहून आम्हीं तीं दोन्हीं शेजारीं टांगलीं आहेत. घरीं येणारी मंडळी पहिल्यापुढें थांबतात. दुसऱ्याकडे पाहून परवां एका पाहुण्यानें विचारलें, यांत काय आहे? आम्हीं सांगितलें, पाणी आहे.