राजमातेचे जहाज

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनास शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते. त्यापूर्वी अर्धशतक त्याच किनाऱ्यावर घडलेल्या एका प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यात आमच्या गोव्याचाही वाटा आहे, आणि नीतीचा एक प्रश्नही दडलेला आहे.

१६१३ च्या सप्टेंबरात पोर्तुगिजांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ नावाचे जहाज पकडून गोव्यास नेले. मक्केच्या यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या त्या प्रचंड जहाजावर शेकडो माणसे होती आणि मोलाचा माल होता. त्याची मालकीण होती जहांगीर बादशहाची आई, अंबरच्या राजा भारमलाची कन्या. ‘मरियम-उझ्-झमानी’, म्हणजे युगाची मरियम, हा तिचा किताब. समुद्रावर निर्वेध जाण्यासाठी पोर्तुगिजांकडून घ्यावा लागणारा परवाना, कार्ताझ, जहाजाजवळ होता. स्वतःच दिलेला शब्द पोर्तुगिजांनी मोडला.

बादशहा खवळला. मुकर्रबखानाकरवी दमणला वेढा पडला, पोर्तुगिजांचा व्यापार थांबला, जेझुइट पाद्र्यांची प्रार्थनामंदिरे बंद झाली. १६१५ साली तह झाला. दरम्यान इंग्रजांचा मार्ग मात्र मोकळा झाला.

ही राजमाता केवळ पुण्यकर्मांत रमणारी नव्हती. तिच्या नावे लाहोरला मशीद उभी राहिली, बयाण्याजवळ पायऱ्यांची विहीर बांधली गेली. पण त्याच बयाण्याच्या बाजारात तिचे अडते निळीचा व्यापारही करीत. एका इंग्रजाने त्यांच्यावर चढी बोली केली, तेव्हा इंग्रजांना दरबारचा रोष सोसावा लागला. एकाच जहाजात यात्रेकरूही आणि नफाही! असे पुण्य उणे मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भर समुद्रात यात्रेकरूस मालकिणीच्या हेतूच्या शुद्धतेपेक्षा जहाजाच्या फळ्या मजबूत असण्याची अधिक गरज असते.

खरा प्रश्न निराळाच आहे. हे जहाज एखाद्या साध्या नाखव्याचे असते, तर दमणला वेढा पडला असता काय? यात्रेकरूंवरील अन्यायाची दाद लागली ती ते यात्रेकरू होते म्हणून नव्हे, तर जहाज बादशहाच्या आईचे होते म्हणून. शिवाय त्या क्रोधाची झळ ज्यांनी जहाज पकडले नव्हते अशा पाद्र्यांना आणि व्यापाऱ्यांनाही लागली. अपमानाची भरपाई आणि न्याय या दोन गोष्टी एक नव्हेत.

राजमातेचा यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. सत्ता हाती असता तिने ती अनेकांच्या उपयोगी लावली, हे थोडे नव्हे. परंतु थोरांच्या छायेत मिळालेले संरक्षण ही कृपा असते, हक्क नसतो. छाया सरली की माणूस पुन्हा उन्हात उभा राहतो. आजही एखादी तक्रार ऐकली जाते ती तक्रारीच्या खरेपणामुळे, की ती कोणाच्या ओळखीने आली यामुळे, हे आपण प्रत्येकाने आपापल्या अनुभवास विचारून पाहावे.

दान देणारे हात मोठे असावेतच. परंतु ‘रहीमी’वरील सामान्य यात्रेकरूस त्या हातांची ओळख न सांगता न्याय मागता यावा, एवढे झाल्यावाचून समाजाने स्वतःस न्यायी म्हणवू नये, असे आम्हांस वाटते.