मार्थेचा स्वयंपाक आणि आपल्या घरची रात्रीची पंगत



येत्या 29 जुलैला ख्रिस्तसभा बेथानी गावच्या तीन भावंडांचे, संत मार्था, संत मरिया व संत लाझरस यांचे स्मरण करते. पूर्वी या दिवशी कॅलेंडरमध्ये एकट्या मार्थेचे नाव असायचे. पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने 2021 साली तिच्या बहिणीचे व भावाचेही नाव तिच्याबरोबर जोडण्यात आले. एका घरातली माणसे एकत्र आठवावीत हे मला फार योग्य वाटले. प्रभू येशू यरुशलेमच्या वाटेवर असताना ज्या घरी विसाव्याला आणि जेवायला थांबत असे, ते हे घर.

जुलैचा शेवट म्हणजे आपल्या पवनी परिसरात रोवणीचे दिवस. सकाळी शिदोरी घेऊन बांधीत उतरलेली आई चिखलाचे पाय धुऊन घरात शिरते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. आपल्यापैकी कोणी शाळेत शिकवते, कोणी अंगणवाडी सांभाळते, कोणी दवाखान्यात परिचारिका आहे, तर कोणी भंडाऱ्याहून एस.टी.त उभ्याने प्रवास करून घर गाठते. कामे वेगवेगळी असली तरी संध्याकाळी सात वाजता सगळ्यांच्या घरी प्रश्न एकच असतो : आज काय करायचे? प्रश्न तसा लहान, पण दिवसभर राबलेल्या माणसाला तोच जड जातो. उत्तर सुचेपर्यंत लेकरांनी दुकानातून दहा रुपयांचे पाकीट आणून पोट भरलेले असते. मग नऊ वाजता कोणी टीव्हीसमोर जेवतो, कोणी खाटेवर मोबाईल घेऊन बसतो, वडील आले की त्यांचे ताट वेगळे लागते आणि आई सगळ्यांच्या शेवटी ओट्यापाशी, उरलेसुरले खाते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी एकदा मुलांना विचारले, "काल रात्री तुम्ही कोणासोबत जेवलात?" एक चिमुरडी म्हणाली, "मोबाईलसोबत." बाकीची मुले खूप हसली. मला मात्र हसू आले नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 11 नोव्हेंबर 2015 रोजी आपल्या बुधवारच्या प्रबोधनात नेमक्या याच विषयावर लोकांना समजावले होते. जे कुटुंब सहसा एकत्र जेवत नाही, किंवा जेवताना एकमेकांशी न बोलता टीव्ही वा मोबाईलकडे पाहत बसते, ते कुटुंब नावापुरतेच उरते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. घरातले एखादे लेकरू शाळेत मार खाऊन आलेले असते, कोणाची मजुरी थकलेली असते, आजीचे गुडघे दुखत असतात पण ती सांगत नाही. या गोष्टी कोणी सभा घेऊन सांगत नसते. वरणाची वाटी पुढे सरकवताना त्या तोंडातून निघतात. ताटे वेगवेगळी झाली की त्या तशाच पोटात राहतात.

आता मार्थेकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानातील हा उतारा (10:38-42) वाचला जातो तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी भगिनी मनातून हिरमुसतात. आम्ही राबायचे, आणि चांगला वाटा मात्र बसून ऐकणारीचा! पण उतारा नीट पाहा. चुलीपासून दूर हो, असे प्रभू मार्थेला कुठेही म्हणत नाही. तो तिला मायेने दोनदा नावाने हाक मारतो आणि ती पुष्कळ गोष्टींची काळजी वाहून त्रस्त झाली आहे एवढेच दाखवून देतो. काही प्राचीन हस्तलिखितांत या ठिकाणी थोड्याच गोष्टींची, किंबहुना एकाच गोष्टीची गरज आहे, अशा अर्थाचे शब्द आढळतात. त्यावरून काही भाष्यकारांनी याचा अगदी साधा घरगुती अर्थही काढला आहे : मार्था, इतके पदार्थ कशाला? एक पुरे, आणि तू ये, बस. मुख्य अर्थ प्रभूचे वचन ऐकण्याचा आहे, यात शंका नाही. पण हा घरगुती अर्थही मला टाकाऊ वाटत नाही. पाहुणा जेवणासाठी आलेला नव्हता, तो त्यांच्यासाठी आला होता.

पुढे योहानाच्या शुभवर्तमानात (12:1-2) वल्हांडणाच्या सहा दिवस आधी प्रभू पुन्हा बेथानीला येतो. मेजवानी होते, आणि मार्था पुन्हा वाढते आहे. या वेळी तिची तक्रार मात्र नाही. काम तेच, हात तेच. मधल्या काळात तिने भावाला कबरेतून बाहेर येताना पाहिले होते आणि प्रभू हाच ख्रिस्त आहे अशी कबुली स्वतःच्या तोंडाने दिली होती. अशी बाई पुन्हा वाढायला उभी राहिली यातच स्वयंपाकाचा केवढा मान आहे.

धर्मगुरूला चुलीतले काय कळते, असे काहीजणी आत्ता मनात म्हणत असतील. मान्य आहे. म्हणून मी माझे न सांगता पवित्र शास्त्रातले सांगतो.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात देव रानात इस्राएल लोकांना मान्ना देतो. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्यांनी लोभाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले व त्याला दुर्गंधी सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, भाजायचे ते भाजून घ्यायचे, शिजवायचे ते शिजवून घ्यायचे आणि विश्रामदिनासाठी राखून ठेवायचे, अशी परमेश्वराची आज्ञा मोशेने लोकांना सांगितली. तो राखलेला मान्ना मात्र नासला नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. उद्याच्या भीतीने साठवणे देवाला आवडत नाही. परंतु विसावा मिळावा, एकत्र बसता यावे म्हणून आदल्या दिवशी तयारी करून ठेवणे ही तर खुद्द देवाची शिकवण आहे. काही जणांना वाटते, आठवड्याच्या जेवणाचा विचार आधी करून ठेवणे म्हणजे शहरी शिकलेल्यांचे चोचले. ते तसे नाही.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्यातही स्वयंपाकघरावर एक पूर्ण अध्याय आहे, पस्तिसावा. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची, आणि आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम असल्याशिवाय त्यातून कोणी सुटत नसे. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सगळी स्वच्छता करून भांडी जशीच्या तशी परत करायची. रविवारी सकाळी जुन्या व नव्या पाळीच्या बंधूंसाठी मंदिरात सर्वांसमोर प्रार्थना व्हायची. एका ठिकाणी तर मी थबकलो. वाढणाऱ्यांनी कुरकुर न करता सेवा करावी म्हणून जेवणाच्या तासभर आधी त्यांना थोडी भाकरी व पेय द्यावे, असे संतांनी लिहून ठेवले आहे. उपाशी माणूस चिडचिड करतो हे त्यांना ठाऊक होते! बंधूंनो, आपली बायको बांधीतून किंवा ड्यूटीवरून येऊन तशीच चुलीपाशी बसते, तेव्हा तिच्या हातात कपभर चहा आणि मूठभर मुरमुरे कोण देतो? नियमावलीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात जेवणाचे प्रमाणही आहे : दोन शिजवलेले पदार्थ सर्वांना पुरेत, फळे किंवा कोवळा भाजीपाला मिळाला तर तिसरा.

दोन पदार्थ. आपल्या भंडारा जिल्ह्यात भात हा पहिला तर ठरलेलाच आहे. राहिला प्रश्न दुसऱ्याचा, आणि तो रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांनी मिळून दहा मिनिटांत सोडवता येतो. कागद घ्या, वार लिहा आणि मुलांनाही बोलू द्या. एक दिवस तुरीचे वरण. डाळ आणि तांदूळ कुकरमध्ये दोन डब्यांत एकदमच लागतात, सोबत जवसाची चटणी. एक दिवस मुगाची खिचडी व कढी. एक दिवस अंड्यांचा रस्सा. ज्या दिवशी बाजार त्या दिवशी हिरवी भाजी. या दिवसांत तरोटा, काटवल मिळतात, ती चैन करून घ्यावी. शुक्रवारी झुणका-भाकर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवसही पाळला जातो आणि खर्चही वाचतो. एखादा वार रिकामा ठेवा, कारण रोवणीत अंदाज चुकतोच. त्या दिवशी कोणी काही बोलू नये. फोडणीचा भात आणि भाजलेला पापड पुरेसा आहे.

रविवारी दुपारी जवस, तीळ, शेंगदाणे भाजून चटण्या कुटून ठेवल्या, लसूण सोलून ठेवला, भिवापुरी मिरचीचे तिखट डब्यात भरले, डाळ-तांदूळ निवडून ठेवले, की संध्याकाळचा अर्धा ताण कमी होतो. कोरडी तयारी टिकते. शिजवलेले मात्र पावसाळी दमट हवेत ठेवू नका. फ्रीज नसेल तर रात्रीचे वरण सकाळी आंबलेले निघते, म्हणजे पुन्हा मान्नाचीच गोष्ट. हरभरा किंवा वाटाणा दुसऱ्या दिवशी करायचा असेल तर रात्री झोपण्यापूर्वी भिजत टाकणे हे काम दहा वर्षांच्या मुलाचे. सांबार निवडणे, ताटे मांडणे, पाणी भरून ठेवणे ही देखील मुलांची कामे. मी मुलांची म्हणतो आहे, फक्त मुलींची नव्हे. आणि भांडी? बेनेडिक्टांच्या मठात ती पुरुषच घासत. एवढे सांगून पुढे जातो.

काही घरांत हे सारे बसवणे खरोखर कठीण आहे, हे मी जाणतो. नवरा कामासाठी बाहेरगावी आणि एकटी आई दोन लेकरांना सांभाळते आहे. कोणाची रात्रपाळी असते. अशा घरांनी मन खट्टू करून घेऊ नये. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना तिबेरियाच्या सरोवराकाठी खायला बोलावले तेव्हा सकाळ होती. निखाऱ्यांवर मासे आणि भाकर, एवढेच. रात्रभर राबून रिकाम्या हाताने आलेल्या माणसांसाठी त्याने स्वतः चूल पेटवली (योहान 21). ज्यांना रात्री जमत नाही त्यांनी सकाळच्या चहाला एकत्र बसावे, तेही चालेल. एकट्या राहणाऱ्या शेजारच्या आजीबाईंना आठवड्यातून एकदा आपल्या पंगतीला बोलवा. भातात एक मूठ तांदूळ जास्त टाकला की झाले. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल होते, तरी तिने आधी एलिया संदेष्ट्याला भाकर दिली आणि दुष्काळ सरेपर्यंत तिचे मडके रिकामे झाले नाही (1 राजे 17).

या आठवड्यात, 29 तारखेच्या रात्री, एवढे करून पाहा. पदार्थ दोनच. टीव्ही बंद, मोबाईल देवघरातल्या क्रूसाखाली ठेवलेले. आई वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. ती बसली की घरातल्या सर्वात लहान लेकराने क्रूसाची खूण करून पुढील प्रार्थना म्हणावी. कात्रण काढून स्वयंपाकघरात लावलेत तरी चालेल.

"हे प्रभू येशू, मार्थेच्या घरी तू जेवलास, आज आमच्या घरी ये. ज्यांनी शेतात राबून हे धान्य पिकवले त्यांना बळ दे. ज्यांनी हे शिजवले त्यांचा थकवा घालव. जे आज आमच्यासोबत नाहीत त्यांना जिथे असतील तिथे पोटभर मिळू दे. आमेन."