वाटणी करावी, दार राखावे



नाताळ जवळ आला की पुण्या-मुंबईला गेलेली मुले गावाकडे येतात. घर भरते, करंज्या तळल्या जातात, नातवंडे अंगणात खेळतात. आणि पुष्कळदा याच चार दिवसांत, सगळे एकत्र जमलेलेच आहेत म्हणून, वाटणीचाही विषय निघतो.

म्हाताऱ्या बापाने केलेल्या वाटणीवरचे जगातले सर्वांत गाजलेले नाटकसुद्धा नाताळाशी असेच जोडलेले आहे. शेक्सपिअरचे 'किंग लिअर' २६ डिसेंबर १६०६ रोजी, संत स्तेफनच्या सणाच्या रात्री, इंग्लंडच्या राजासमोर झाले. त्याच नाटकाची छाया असलेले वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या रंगमंचावर आले. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००७ साली 'लिअर' रंगमंचावर आणले. इयान मॅकेलन त्यात राजा होते. तो प्रयोग चित्रित करून २५ डिसेंबर २००८ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवला गेला. एरवी नाट्यगृहाच्या अंधारात पाहायची ही गोष्ट त्या दिवशी थेट घरात आली, जिथे आई-वडील आणि मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. ती पाहण्याची खरी जागा कदाचित तीच असेल.

गोष्ट साधी आहे. राजा लिअर थकला आहे. तीन मुलींना राज्य वाटून देऊन त्याला मोकळे व्हायचे आहे. पण वाटणीपूर्वी तो विचारतो, तुमच्यापैकी कोणाचे माझ्यावर अधिक प्रेम आहे? दोघी मोठ्या मुली गोड शब्दांचा पाऊस पाडतात आणि राज्य मिळवतात. धाकटी कॉर्डेलिया मनापासून प्रेम करते, पण प्रेमाचा लिलाव तिला जमत नाही. तिला काहीच मिळत नाही.

लिअर स्वतःसाठी फक्त शंभर सरदारांचा लवाजमा आणि राजाचा मान राखतो. आज ह्या मुलीकडे, उद्या त्या मुलीकडे राहायचे असे ठरवतो. मग मुली मोजायला लागतात. शंभर कशाला, पन्नास पुरेत. पन्नास तरी कशाला, पंचवीस पुरेत. शेवटी एकाची तरी काय गरज, इथवर गोष्ट येते आणि म्हातारा राजा वादळात उघड्यावर पडतो. मुली दुष्ट आहेतच. पण मोजायला सुरुवात कोणी केली? मुलींची माया जमिनीच्या मापाने आधी बापाने मोजली. तेच माप त्याच्या पदरात परत आले.

राजघराण्यांत असे चालायचेच, असे कोणी म्हणेल. आपल्या नगरच्या गादीवरच्या मुर्तझा निजामशहाला १५८८ साली त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, ठार केले आणि वर्षभरात मीरानही मारला गेला. पण 'नटसम्राट'मधल्या गणपतराव बेलवलकरांकडे कुठे राज्य होते? रंगभूमीवरून निवृत्त झालेला तो एक नट. कमाई मुलांना वाटून टाकतो. स्वतःला बसण्यापुरती तरी जागा राखा, असे बायको कावेरी बजावते, ते तो ऐकत नाही. पुढे त्याच मुलांच्या घरी दोघे नकोसे होतात. डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले ते गणपतराव पाहून महाराष्ट्र रडला, कारण प्रत्येकाला ते आपल्या गल्लीतलेच वाटले. आपल्याकडेही दीड एकर जिरायत, दोन खोल्या आणि पतपेढीतली ठेव एवढ्यावरून हेच घडते.

मग प्रश्न उरतो. आई-वडिलांनी जिवंतपणी सर्व देऊन टाकावे का? आपल्या पवित्र ग्रंथात याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. बेनसिराच्या ग्रंथातील ३३ व्या अध्यायात बजावले आहे की, जिवंत असेपर्यंत आपल्यावरची सत्ता मुलाच्याही हाती देऊ नये. मुलांनी आपल्याकडे मागावे हे बरे, आपण त्यांच्या हाताकडे पाहावे हे बरे नव्हे. अखेरच्या घडीला वाटणी करावी. उलट उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप धाकट्याने मागताच मालमत्ता वाटून देतो. एक शहाणपण सांगतो, दुसरा प्रेम दाखवतो. आपण कोणाचे ऐकावे?

दाखला नीट वाचला तर दोघांत भांडण उरत नाही. त्या बापाने दिले, पण देताना कोणाकडून प्रेमाची कबुली मागितली नाही. आणि दिल्यावरही घर त्याचेच राहिले. म्हणून मुलगा परत आला तेव्हा धावत जाऊन भेटायला त्याला स्वतःचा उंबरठा होता. बोटात घालायला अंगठी होती, कापायला पुष्ट वासरू होते. त्याने सगळेच गमावले असते तर तोही कोणाच्या तरी ओसरीवर बसला असता. मग पोराने परतायचे कुठे? म्हणून स्वतःपुरते राखून ठेवणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. संकटात सापडलेल्या लेकरासाठी एक दार उघडे ठेवणे, असाही त्याचा अर्थ होतो.

कायदाही याला आधार देतो. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना मिळते, मुलगा-मुलगी समान. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा सांगतो की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. मात्र २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर अट कागदावर लिहून घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण राखून ठेवणे वेगळे आणि धाक दाखवणे वेगळे. पन्नाशीच्या मुलाला पाइपलाइनसाठी, खतासाठी हात पसरायला लावायचे, "नावावर करणार नाही" हे वाक्य रोज चाबकासारखे वापरायचे, हाही लिअरचाच बाजार झाला. ज्याला कसायला जमीन हवी त्याला वेळेवर द्यावी, मोकळ्या मनाने द्यावी. फक्त राहते घर आणि पोटापुरता तुकडा आपल्या व आपल्या पत्नीच्या नावे राहू द्यावा.

आणि मुलांनो, एक गोष्ट विसरू नका. लिअरला शोधत परत आली ती कॉर्डेलिया, जिला एक बिघाही मिळाला नव्हता. आपल्या गावांतही हक्कसोडपत्रावर सही करून गेलेली लेकच पुष्कळदा आईच्या आजारपणात डबा घेऊन येते. मिळालेल्या जमिनीची परतफेड म्हणून जो सांभाळतो, तो हिशेब पुरा झाला की थांबतो. बेनसिराने तिसऱ्या अध्यायात म्हातारपणी बुद्धी चळलेल्या बापालाही सांभाळून घ्यायला सांगितले आहे. अशा बापाकडे देण्यासारखे काही उरलेले नसते, आभाराचा शब्दही नसतो. सेवेची खरी परीक्षा तिथे होते.

या नाताळात घरात वाटणीचा विषय निघालाच तर लेकींनाही बोलवा, आईलाही विचारा. "कोणाचे प्रेम जास्त?" हा प्रश्न मात्र कोणी विचारू नका. त्याचे खरे उत्तर ज्याच्याकडे असते, तो बहुधा गप्प बसलेला असतो.