नावाचे देणे

बदलीच्या नोकरीत माणसाला आपल्या नावाची खरी किंमत कळून येते. दारावरची पाटी दर तीन-चार वर्षांनी उतरते, दुसऱ्या गावी दुसऱ्या दारावर चढते. जुन्या कचेरीत मागे उरते ती खुर्चीमागील लाकडी फलकावर रंगविलेली एक ओळ. त्या ओळीवर आपण फारसा जीव लावीत नाही. पण ज्याने ती कचेरी उभारली त्याचीच ओळ कोणी मुद्दाम गाळली, आणि सुमारे एकशेचाळीस वर्षांनी ती पुन्हा रंगविली, तर देणे फिटले म्हणावे काय? कलकत्त्यास आल्यापासून, हातीबागानातील एका नाट्यगृहापुढून जाताना, हा प्रश्न मला वारंवार पडतो.

ते नाट्यगृह म्हणजे स्टार थिएटर. २०२४ च्या डिसेंबरअखेर त्यास विनोदिनी दासीचे नाव देण्याची घोषणा झाली. बंगाली माणसाला ही हकीकत पाठ आहे; आपल्यापैकी पुष्कळांना नसावी, म्हणून थोडक्यात सांगतो.

विनोदिनी गणिकांच्या वस्तीत जन्मली आणि १८७४ मध्ये, अकरा-बारा वर्षांची असताना, रंगभूमीवर आली. गिरीशचंद्र घोष तिचे गुरू. १८८३ च्या सुमारास गिरीशबाबूंच्या मंडळीला स्वतःचे नाट्यगृह हवे होते आणि पैसा नव्हता. गुर्मुख राय नावाचा एक तरुण धनिक पैसा घालावयास तयार झाला. मात्र विनोदिनीने त्याच्या आश्रयास यावे, ही अट. ‘आमार कथा’ या आत्मवृत्तात ती लिहिते की, नाट्यगृहाचा नाद सोडलास तर रोख पन्नास हजार रुपये देतो, असेही त्याने तिला सांगून पाहिले होते. तिने पैसे नाकारले, नाट्यगृह मागितले. सोबत्यांनी सांगितले होते की नव्या वास्तूला तुझे नाव देऊ. बीडन स्ट्रीटवर वास्तू उभी राहिली. नोंदणी करून मंडळी परत आली तेव्हा नाव निघाले ‘स्टार’. पुढे गुर्मुखने अकरा हजारांत सारे विकून अंग काढून घेतले. नवे मालक झाले ते चार सोबती. विनोदिनीचे नाव त्यांत नव्हते.

त्या सोबत्यांना दुष्ट ठरविणे सोपे आहे. मला ते पटत नाही. गणिकेचे नाव दारावर लागले तर भद्र घरचा प्रेक्षक पायरी चढणार नाही, ही भीती त्या काळी पोकळ नव्हती. नाट्यगृह बंद पडले असते तर तिचा त्यागही वाया गेला असता. इथवर त्यांचा युक्तिवाद मी मान्य करतो. पण तो जेथे नासतो ती जागा वेगळी आहे. तिचे गणिकापण मंडळींनी दोनदा वापरले: एकदा भांडवल म्हणून, आणि काम होताच तिला वगळण्याचे कारण म्हणून. ज्या गोष्टीमुळे घेता आले, त्याच गोष्टीमुळे देता येत नाही असे म्हणणे, ही मला साध्या वचनभंगाहून जड गोष्ट वाटते. बरे, ही अडचण वचन देताना ठाऊक नव्हती असेही नाही.

प्रेक्षकांच्या भीतीला उत्तरही लवकरच मिळाले. २१ सप्टेंबर १८८४ रोजी श्रीरामकृष्ण परमहंस त्याच नाट्यगृहात ‘चैतन्यलीला’ पाहावयास आले आणि चैतन्याच्या भूमिकेतील विनोदिनीला त्यांनी आशीर्वाद दिला. पाटी तरीही बदलली नाही. दोन-अडीच वर्षांनी, तेवीस-चोवीस वर्षांच्या वयात, तिने रंगभूमी सोडली ती कायमचीच. त्यानंतर ती अर्धशतकाहून अधिक काळ, १९४१ पर्यंत, जगली. एखाद्याने मनावर घेतले असते तर तिच्या डोळ्यांदेखत पाटी लावता आली असती. बागबाजारात गिरीशबाबूंचे घर आज रुंद रस्त्याच्या मधोमध उभे आहे. रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि तो घराला वळसा घालून दोहों बाजूंनी जातो. गुरूसाठी रस्ता दुभंगला, शिष्येसाठी पाटीवर एक शब्द बसेना!

आपण मराठी माणसांनी मात्र येथे बंगाल्यांना नावे ठेवू नयेत. बंगाली रंगभूमीने १८७३ मध्ये स्त्रियांना घेतले, म्हणून हा पेच तिच्यापुढे आला. आपण दीर्घकाळ स्त्रीलाच बाहेर ठेवले आणि पेच टाळला. १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना; गणिकांनीही नकार दिला; अखेर एका उपाहारगृहातील आचारी, अण्णा साळुंके, तारामती झाले. पुढे ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्ही तेच! त्यांच्याही नावाचे नाट्यगृह किंवा चित्रगृह माझ्या पाहण्यात नाही. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या, पण आपल्या मुलांना दुर्गाबाई कोण हे विचारून पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आजची पाटी हे फेड नव्हे. ज्याला वचन दिले तो माणूस गेला की त्या वचनाची फेड करता येत नाही, केवळ कबुली देता येते. आणि ही कबुलीही १८८८ मध्ये बांधलेल्या, आगीत जळून पुन्हा उभारलेल्या दुसऱ्याच वास्तूवर आहे. बीडन स्ट्रीटची ती वास्तू आता नाही. तरी कबुलीला मी कमी लेखीत नाही. एका दुपारी पुलाखाली ट्रामची वाट पाहत असता शेजारच्या शाळकरी मुलीने आईला विचारले, “विनोदिनी के छिलो, मा?” आई सांगू लागली, आणि नेमकी ट्राम आली. एवढेही त्या जुन्या पाटीने कधी घडविले नसते.

परंतु पाटी एकच असते. १८७३ मध्ये बेंगॉल थिएटरात ज्या चौघी प्रथम उभ्या राहिल्या, त्यांतली गोलाप पुढे विवाह करून सुकुमारी दत्त झाली, तिने नाटकही लिहिले. बाकीच्या तिघी जगत्तारिणी, एलोकेशी आणि श्यामा. त्यांची आडनावेही कोणी लिहून ठेवलेली नाहीत.